नामा म्हणे, पण कोणता नामा?

नांदेडच्या तख्त सचखंड हुजूर साहिबमध्ये गुरू ग्रंथसाहिबांचे पठण चालू असते आणि मधूनच नामदेवांचे पद येते. पंजाबहून आलेल्या यात्रेकरूला ते भगत नामदेवजींचे म्हणून पाठ असते. शेजारी बसलेल्या मराठी माणसाला मात्र हे आपल्याच नामदेवांचे, हे चटकन उमगत नाही. भाषा वेगळी, राग वेगळे, विठ्ठलाचा उच्चारही 'बीठल'. ज्यांची ही पदे त्यांचे गाव म्हणून सांगितले जाणारे नरसी इथून शंभरएक किलोमीटरवर, हिंगोली जिल्ह्यात कयाधू नदीच्या काठी आहे. पदे मात्र मोठा वळसा घालून आली. ती पंजाबात पोचली आणि १६०४ मध्ये गुरू अर्जनदेवांनी सिद्ध केलेल्या ग्रंथात बसली. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंघांनी नांदेडला त्याच ग्रंथाला गुरुपद दिले. ग्रंथात नामदेवांची ६१ पदे आहेत, १८ रागांत.

आता दुसरीकडे पाहा. महाराष्ट्र शासनाने नामदेवांच्या सातशेव्या जयंतीच्या निमित्ताने १९७० मध्ये गाथा प्रसिद्ध केली. तीत दोन हजारांहून अधिक अभंग आहेत. ही ६१ आणि ही दोन हजार समोरासमोर ठेवली तर ओळीला ओळ जुळावी अशा रचना जवळपास हाती लागत नाहीत. कथा जुळतात, दैवत जुळते, माणसाचा स्वभावही जुळतो. शब्द जुळत नाहीत. नामदेव एक की अनेक, हा वाद इथून सुरू होतो आणि शंभर वर्षे उलटली तरी मिटलेला नाही.

खरे तर हे चार वाद आहेत. नामदेव कोणत्या शतकातले, कोणत्या गावचे, पंजाबातले आणि पंढरपूरचे एकच का, आणि गाथेतले कोणते अभंग त्यांचे. आपल्याकडे घोटाळा असा होतो की एका वादातला पुरावा दुसऱ्यात खपवला जातो. जन्मगाव नरसी ठरले म्हणून गाथा अस्सल ठरत नाही, आणि गाथेत भेसळ निघाली म्हणून पंजाबातले नामदेव वेगळे ठरत नाहीत. म्हणून एकेक धागा सुटा करून पाहिलेला बरा.

सगळ्यात आधी नाममुद्रा, कारण सारी भिस्त तिच्यावर आहे. अभंगाच्या शेवटच्या कडव्यात कवीचे नाव येते. 'नामा म्हणे' यात चार अक्षरे. 'तुका म्हणे' यातही चार, 'जनी म्हणे' यात चार, 'चोखा म्हणे', 'सेना म्हणे', 'एका म्हणे' यांतही तेवढीच. एक नाव काढून तिथे दुसरे बसवले तर अक्षर वाढत नाही, टाळ चुकत नाही, चाल बिघडत नाही. कीर्तनात निरूपणाच्या ओघात ऐनवेळी अभंग आठवला आणि मुद्रा चुकली, तरी ऐकणाऱ्याला खटकण्याचे कारण नाही. पुढे कुणी तो ऐकून उतरवून घेतला की नव्या मालकीचा दस्तऐवज तयार! एकच अभंग दोन संतांच्या नावावर छापलेला आढळतो, त्यामागे दर वेळी लबाडी शोधण्याची गरज नाही. छंदाची रचनाच अशी आहे की तिथे कुलूप लागत नाही.

हे अभंग आपल्यापर्यंत आले ते बाडांतून. बाड म्हणजे कीर्तनकाराची कामाची वही. त्यात नामदेवांचे चार अभंग, मग एकनाथांचे एखादे भारूड, एखादी आरती, मध्येच औषधाचा पाठ किंवा उसनवारीचा हिशेब. बाड लिहिणाऱ्याला कर्तृत्व ठरवायचे नव्हते, उद्याचे कीर्तन उभे करायचे होते. आज उपलब्ध असलेली जुनी बाडे सोळाव्या शतकाच्या अखेरच्या आसपासची आणि त्यानंतरची आहेत. नामदेवांनी देह ठेवला तो परंपरेनुसार शके १२७२ मध्ये, म्हणजे १३५० साली. मधली दोन-सव्वादोन शतके कागदावर कोरी आहेत. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तुकाराम तात्या पडवळांसारख्या प्रकाशकांनी मुंबईत गाथा छापल्या. अशी मिळतील तेवढी बाडे गोळा करून 'नामा' दिसला की ते नामदेवांचे, हाच हिशेब बहुतेक ठिकाणी चालला. छापील गाथेला जी ठाम एकसंधता दिसते ती छापखान्याने दिलेली आहे.

गाथा उघडून पाहिली की आत एकाच माणसाचा आवाज नाही, हे साध्या वाचकालाही कळते. तिथे आई गोणाई मुलाला रागे भरते, बायको राजाई रुक्मिणीकडे संसाराचे गाऱ्हाणे मांडते, वडील दामाशेटी बोलतात. गंगाखेडची जनाबाई तर 'नामयाची दासी' म्हणवत त्याच गाथेच्या आश्रयाने उभी आहे. गोणाईचे म्हणून दिलेले अभंग गोणाईने रचले काय? मला तसे वाटत नाही. ते संवाद आहेत, कीर्तनात उभे करायचे प्रवेश आहेत, आणि फार चांगले आहेत. नवरा देवापायी वेडा झालेल्या बाईची राजाईच्या तोंडची चिडचिड ज्याने कुणी रचली, त्याला संसाराची चांगलीच जाण होती. तो नामदेव असेल, किंवा तीन पिढ्यांनंतरचा एखादा निनावी कीर्तनकार असेल.

एक दुसरा हात मात्र निनावी नाही. विष्णुदास नामा हा सोळाव्या शतकातला कवी. मराठी ओवीत महाभारत रचणारा म्हणून तो ओळखला जातो, शिवाय पौराणिक आख्याने त्याच्या नावावर आहेत. गाथेत आख्यानांचा जो मोठा भाग आहे, त्यातला बराचसा याच्याकडे जातो हे आज बहुतेक अभ्यासक मानतात. अडचण अशी की 'विष्णुदास' हे काही आडनाव नव्हे. कुठलाही वैष्णव स्वतःला विष्णुदास म्हणवतो, तसे थोरले नामदेवही म्हणवतील. त्यामुळे 'विष्णुदास नामा' अशी मुद्रा दिसली की लगेच धाकट्याच्या खात्यावर टाकायची सोय नाही, आणि नुसते 'नामा' दिसले की थोरल्याच्या खात्यावर टाकायचीही नाही. भाषा, विषय, आख्यानाचा विस्तार, बाडाचे वय असे सगळे एकत्र पाहावे लागते. हे काम किचकट आहे, म्हणून थोड्यांनीच केले. शं. गो. तुळपुळ्यांनी 'पाच संतकवी'मध्ये नामदेवांना स्वतंत्र आणि सविस्तर जागा दिली, ती आजही वाचण्याजोगी आहे.

काळाचा वाद रा. गो. भांडारकरांनी पेटवला. १९१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या वैष्णव-शैव पंथांवरच्या इंग्रजी ग्रंथात त्यांनी म्हटले की नामदेवांची मराठी ज्ञानेश्वरीपेक्षा बरीच अलीकडची दिसते. शिवाय तुर्कांनी मूर्ती फोडल्याचा उल्लेख नामदेवांच्या रचनेत येतो, तो यादव सत्ता असताना संभवत नाही. तेव्हा नामदेवांना चौदाव्या शतकाच्या अखेरीकडे सरकवावे. परंपरा सांगते जन्म शके ११९२, म्हणजे १२७०, आणि ज्ञानेश्वरांचे समकालीनत्व. भांडारकरांचे म्हणणे मानले तर आळंदीच्या समाधीप्रसंगी नामदेव हजर होते, ही अवघ्या वारकरी मनात कोरलेली गोष्ट निखळते.

भांडारकरांचा अधिकार मोठा, पण हा मुद्दा लंगडा आहे. ज्ञानेश्वरी ही पोथी होती. ती लिहून ठेवली गेली, नकललीही गेली, आणि पाठ बिघडले म्हणून पैठणच्या एकनाथांनी १५८४ मध्ये ती शुद्ध केली. अभंगाला असा एकनाथ भेटला नाही. तो गळ्यातून गळ्यात गेला आणि प्रत्येक पिढीने जुना शब्द टाकून आपला घातला. अशा रचनेची भाषा शेवटच्या गाणाऱ्याचे वय सांगते, पहिल्या रचणाऱ्याचे नाही. मूर्तिभंजनाचा मुद्दा तर आणखी सहज सुटतो. देवगिरीवर पहिली स्वारी १२९४ ते १२९६ च्या सुमारास झाली आणि १३१७-१८ पर्यंत यादवांचे राज्य संपले. नामदेव १३५० पर्यंत जगले असतील तर हे सगळे त्यांच्या हयातीतच घडले.

याच सुमाराचा दुसरा गाजलेला वाद ज्ञानेश्वरांचा. १८९८-९९ मध्ये शिवरामपंत भारद्यांनी 'भारद्वाज' या नावाने 'सुधारक'मध्ये लिहून ज्ञानेश्वरी रचणारा ज्ञानदेव वेगळा आणि अभंग रचणारा वेगळा, असे मांडले. केवढी खळबळ झाली! नंतर तो सिद्धांत मागे पडला, पण मराठीत 'संत एक की दोन' असे विचारायची सोय झाली ती त्यामुळेच. नामदेवांच्या वादाला ही पार्श्वभूमी आहे. ज्ञानेश्वरांचे आद्य चरित्रही नामदेवांच्याच आदि, समाधी आणि तीर्थावळी या प्रकरणांवर उभे आहे. तेव्हा नामदेवांचे कर्तृत्व हलले की ज्ञानेश्वरांचे चरित्रही हलते. या एका कारणासाठी तरी हा वाद विद्वानांच्या करमणुकीचा विषय नाही.

आता गावाकडे वळू. दावे मुख्यतः तीन. पंढरपूरकर म्हणतात जन्म पंढरीचाच, नरसी हे फार तर पूर्वजांचे गाव. भांडारकरांनी आणि शीख धर्मावर सहा खंड लिहिणाऱ्या मॅकॉलिफने नरसी बामणी सातारा जिल्ह्यात, कऱ्हाडजवळ मानली. मराठवाडा म्हणतो ते गाव हिंगोलीचे नरसी. १९९९ पर्यंत हे परभणी जिल्ह्यात होते, त्याआधी पिढ्यानपिढ्या निजामाच्या राज्यात. इंग्रजी अमलातल्या पुण्या-मुंबईच्या अभ्यासकाला कऱ्हाड जवळचे आणि कयाधू परक्या मुलखातली, ही गोष्ट या निर्णयात कुठेच आडवी आली नसेल असे मला म्हणवत नाही. कऱ्हाडच्या बाजूने मुख्य आधार नावाच्या साम्याचा. हिंगोलीच्या बाजूने आजूबाजूचा सगळा मुलूख बोलतो. नामदेवांना गुरू विसोबा खेचर भेटले ते औंढा नागनाथ याच जिल्ह्यात, जनाबाईचे गंगाखेड गोदावरीकाठी थोड्या अंतरावर, आणि नरसीत गावाच्या नावालाच नामदेव जोडलेले. हुजूर साहिबला आलेले शीख यात्रेकरूही नरसीला जातात. हा कागदोपत्री पुरावा नव्हे, हे मान्य. पण तीन दाव्यांत हिंगोलीचे पारडे जड आहे, एवढे निःसंकोच म्हणता येते.

सगळ्यात अवघड आणि सगळ्यात रंजक धागा पंजाबचा. एक मत असे की गुरू ग्रंथसाहिबातले नामदेव नंतरचे, उत्तरेतलेच कुणी. त्या पदांत कवी स्वतःला 'छीपा' म्हणवतो, म्हणजे कापडावर छपाई करणारा. आपले नामदेव शिंपी. भाषा जुनी हिंदी. तिलंग रागातल्या पदांत तर फारसी-अरबी शब्दांची अशी रेलचेल आहे की पंढरपूरचा वारकरी ऐकून गोंधळेल.

उलट बाजूही दमदार आहे. याच पदांत विठ्ठल पुन्हापुन्हा येतो, आणि हिंदी वाक्यात मधूनच मराठी षष्ठीचा 'चे' डोकावतो. उत्तरेतल्या कुणाला विठ्ठलाचे आणि या प्रत्ययाचे काय अगत्य? शिवाय कथा त्याच. देवाला दूध पाजणे, देवळातून हाकलल्यावर देऊळच फिरणे, सुलतानासमोर मेलेली गाय उठवणे हे प्रसंग पंजाबातही आहेत, मराठीतही. देऊळ फिरल्याची कथा मराठीत औंढ्याला घडते, तिथे आजही तिची खूण दाखवतात.

गायीच्या प्रसंगापाशी जरा थांबू, कारण परंपरा कशी वाढते ते तिथे उघड दिसते. ग्रंथसाहिबातल्या पदात नुसता सुलतान आहे, गाव नाही. मराठी कथनांत तो सुलतान काही ठिकाणी बेदरचा बादशहा होतो. लातूर-उदगीरकडच्या माणसाला बेदर म्हणजे शेजार, तिथला बादशहा डोळ्यांपुढे उभा राहतो. पण बहमनी राज्य स्थापन झाले १३४७ मध्ये, आणि त्याची राजधानी गुलबर्ग्याहून बेदरला आली पंधराव्या शतकात. नामदेव हयात असताना बेदरला बादशहा नव्हताच. म्हणजे गाव नंतर जोडले गेले, ते बेदरचा दरारा ठाऊक असलेल्या कुणीतरी, बहुधा याच मुलखात कीर्तन करत फिरणाऱ्याने. कथेचा गाभा जुना आणि पत्ता नवा. गाथेतल्या कित्येक अभंगांची हीच गत असणार.

उत्तरेतले लेखी पुरावे मराठीपेक्षा फार मागे नाहीत, काही बाबतीत तर पुढेच आहेत. १६०४ च्या आधी तयार झालेल्या पंजाबातल्या गोइंदवालच्या पोथ्यांत नामदेवांची पदे आहेत. राजस्थानातल्या फतेहपूरला १५८२ मध्ये लिहिलेल्या, सूरदासांच्या पदांसाठी प्रसिद्ध असलेल्या हस्तलिखितातही आहेत. अनंतदासांनी १५८८ च्या सुमारास 'नामदेव परचई' हे चरित्र लिहिले. त्याही आधी कबीर आणि रविदास नामदेवांचे नाव आदराने घेतात. महिपतीचे 'भक्तविजय' हे मराठी संतचरित्र १७६२ चे, हे पाहता नामदेवांची कीर्ती लिहून ठेवण्यात उत्तर आपल्या पुढे होती. पुणे विद्यापीठाने १९६४ मध्ये भगीरथ मिश्र आणि राजनारायण मौर्य यांच्या संपादनाखाली हिंदी पदावली काढली. १९८९ मध्ये विनांद कालेवार्त आणि मुकुंद लाठ यांनी वेगवेगळ्या हस्तलिखितांतले पाठ शेजारी ठेवून हिंदी पदांची चिकित्सा केली. तिथेही तेच दिसले. जितकी हस्तलिखिते तितके नामदेव, आणि सर्वत्र सारखी आढळणारी पदे थोडी.

राहिले घुमान. गुरदासपूर जिल्ह्यातल्या या गावी नामदेवांनी आयुष्याची शेवटची वर्षे काढली आणि तिथेच देह ठेवला, अशी तिथली श्रद्धा. आपल्याकडे समाधी पंढरपूरला, महाद्वारातल्या पायरीखाली. छापील गाथेत घुमानचा माग लागत नाही, आणि ग्रंथसाहिबातल्या पदांतही ते नाव नाही. २०१५ मध्ये ८८ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन सदानंद मोरे यांच्या अध्यक्षतेखाली घुमानला भरले. मराठी माणूस तिथवर गेला हे चांगले झाले. पण संमेलनांत जे होते तेच झाले, सत्कार झाले, 'राष्ट्रीय एकात्मतेचे दूत' असे गौरव झाले. दोन समाध्या का, पदे वेगळी का, हे प्रश्न मांडवाबाहेर राहिले.

असा तिढा जगात आपल्याचकडे आहे असे समजू नये. सातव्या शतकात पुलकेशीच्या राज्यात, आपल्या महाराष्ट्रातून फिरून गेलेल्या चिनी यात्रेकरू ह्युएन त्संगला नायकाच्या जोडीला घेऊन चीनमध्ये एक प्रचंड कादंबरी उभी राहिली. माकडराजाची कादंबरी म्हणून ती जगभर ओळखली जाते. तिच्या नावाचा अर्थ 'पश्चिमेची यात्रा'. १५९२ मध्ये नानचिंगला छापलेल्या तिच्या प्रतीवर लेखकाचे नावच नाही. पुढे कित्येक वर्षे ती छ्यू छू-ची या ताओपंथी साधूची मानली गेली. कारण काय, तर त्याच्या शिष्याने लिहिलेल्या प्रवासवर्णनाचे नावही तेच होते! १९२० नंतर हू शी आणि लू शून यांनी ती वू छंग-अन याची ठरवली. मुख्य आधार त्याच्या गावाच्या, ह्वायआनच्या जुन्या स्थानिक नोंदवहीचा. तीत त्याच्या नावापुढे याच नावाचे एक पुस्तक नोंदलेले आहे. पण ते पुस्तक कादंबरीच होते असे नोंदवही म्हणत नाही, म्हणून काही अभ्यासक आजही मान डोलवायला तयार नाहीत. नाव सारखे म्हणून ग्रंथ एकाच्या माथी, आणि गावाचा अभिमान पुराव्याच्या वेषात. नामदेव-विष्णुदास आणि नरसी-कऱ्हाड वाचलेल्याला यात नवे काय वाटावे? एक फरक मात्र मोठा आहे. तिथे निदान १५९२ ची छापील प्रत आहे, कथा आधीपासून कितीही तोंडी फिरत असली तरी. आपल्याकडे तसा एकही पक्का टप्पा नाही.

यावर अमेरिकन अभ्यासक ख्रिश्चन ली नोव्हेट्झके यांनी २००८ च्या आपल्या पुस्तकात वेगळी वाट काढली. त्यांच्या मते कीर्तनाच्या परंपरेत कर्ता हा एकटा नसतोच. 'नामा' ही गाणाऱ्यांनी पिढ्यानपिढ्या मिळून धारण केलेली ओळख आहे, आणि हे सगळे मिळून एक लोकस्मृती आहे. हे म्हणणे खोटे नाही. औशाच्या नाथ संस्थानचे चक्री भजन किंवा देगलूरच्या परंपरेतले कीर्तन ऐकणाऱ्याला वेगळे सांगायला नको की तिथे अभंग कुणाचा यापेक्षा तो उभा कसा राहिला याला महत्त्व असते. पण यावर समाधान मानले तर पुढे करण्यासारखे काही उरत नाही. सगळेच नामदेव म्हटले की मग शोध संपला. चौदाव्या शतकातला एक शिंपी, जो देवाशी इतक्या सलगीने भांडला, त्याचा स्वतःचा आवाज या गर्दीत कुठे तरी आहे. तो शोधणे सोडून द्यावे इतके साहित्य अजून तपासलेलेच नाही.

माझे मत सरळ सांगतो. नामदेव होते, ज्ञानेश्वरांचे समकालीन होते, आणि बहुधा आपल्याच कयाधूकाठचे होते. पंजाबातले नामदेव वेगळे मानण्याइतका पुरावा नाही. पण ती ६१ पदे शब्दशः त्यांचीच, असेही म्हणवत नाही. त्यांच्या मागे चालणाऱ्यांचा त्यांत मोठा वाटा असावा. गाथेतली आख्याने विष्णुदासाला द्यावीत. संवादांचे अभंग बऱ्याच अंशी कीर्तनकारांचे मानावेत. उरतात ते देवाशी हट्ट करणारे छोटे अभंग, त्यांत थोरल्या नामदेवांचा अंश सर्वांत दाट असावा असे मला वाटते. हे मात्र नुसते वाटणे आहे, त्याला बाडांचा आधार हवा.

आणि बाडे पुण्या-धुळ्याच्या संग्रहांत आहेत तशी आपल्याकडेही आहेत. नांदेड, लातूर, हिंगोली, परभणी या चार जिल्ह्यांत मठ कमी नाहीत, आणि कीर्तनाची परंपरा असलेली घराणीही कमी नाहीत. या चारही जिल्ह्यांसाठी १९९४ पासून नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे. हुजूर साहिबही नांदेडलाच, गुरुमुखी जाणणारी माणसेही गावातच. मराठी बाडे आणि गुरुमुखी पाठ एकाच टेबलावर ठेवून वाचण्याची सोय महाराष्ट्रात दुसऱ्या कुठल्या शहराला इतकी सहज नाही. तेव्हा ज्यांच्या घरी आजोबा-पणजोबांचे बाड माळ्यावर पडले असेल त्यांनी ते गोदावरीत सोडू नये आणि रद्दीतही घालू नये. निदान पानापानाचे फोटो काढून ते विद्यापीठाच्या मराठी विभागाकडे द्यावे. वरची चार पाने फाटलेली असली तरी चालेल, आतले एखादे 'नामा म्हणे' कामाचे निघू शकते.